टनेल हिरवा, फाइल अडकलेली: एनएसएक्स ४ वर गेल्यावर पुन्हा पुन्हा उपटणारा एमटीयूचा घोळ

शनिवारी रात्री एनएसएक्सचे, म्हणजे व्हीएमवेअरच्या आभासी नेटवर्क सॉफ्टवेअरचे, अपग्रेड पार पडते. रविवारी मॅनेजरच्या पडद्यावर सगळे दिवे हिरवे असतात. सोमवारी साडेनऊला पणजीतल्या पाटोच्या कार्यालयातून पहिला फोन येतो: लॉगिनचे पान उघडते, पण पासवर्ड टाकल्यावर चाक फिरतच राहते. वेर्णाहून दुसरा फोन: सामायिक फोल्डरमधली नावे दिसतात, पण फाइल उघडत नाही. पिंग मारला तर एकही पॅकेट गळत नाही. एसएसएच जोडते, छोट्या आज्ञा चालतात, आणि लांबलचक यादी मागितली की पडदा थिजतो. डेटाबेस दहा ओळींचे उत्तर देतो, हजार ओळींचे देत नाही.

मग कुणीतरी व्हीएम (आभासी यंत्र) दुसऱ्या होस्टवर, म्हणजे दुसऱ्या प्रत्यक्ष सर्व्हरवर, हलवतो. सगळे सुरळीत होते, तक्रार बंद होते. तीन आठवड्यांनी दुसऱ्याच व्हीएमची तीच रड.

लहान पॅकेट जाते आणि मोठे जात नाही, हे चित्र दिसले की फायरवॉलचे नियम उपसत बसू नका. वाटेत कुठेतरी एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल आकारमर्यादा, कमी आहे. शोधायचे ते एवढेच, की कुठे.

अपग्रेडच्या आधी हे का दिसले नाही

अपग्रेडने बिघाड आणला असे सगळे धरून चालतात. बहुतेक वेळा बिघाड आधीपासून होता, अपग्रेडने तो उघडा पाडला एवढेच.

ॲप्लिकेशन आणि डेटाबेस एकाच होस्टवर, एकाच टी-वनच्या (एनएसएक्सच्या आतल्या राउटरच्या) सेगमेंट्सवर असतील, तर त्यांचे बोलणे त्या होस्टमध्येच मिटते. वितरित राउटर होस्टच्या कर्नलमध्येच असतो. पॅकेटवर जिनीव्हचे, म्हणजे होस्ट-होस्टमधल्या टनेलच्या प्रोटोकॉलचे, वेष्टन चढत नाही आणि ते बाहेरच्या तारेवर उतरतही नाही. वर्षानुवर्षे दोन्ही व्हीएम शेजारी-शेजारी राहिल्या असतील, तर टनेलमधून मोठे पॅकेट जाते की नाही हे कुणी तपासलेलेच नसते. होस्टचे अपग्रेड मेंटेनन्स मोडने केले की डीआरएस (व्हीएम आपोआप हलवणारी सोय) एकेक होस्ट रिकामा करत जातो. शेवटी ॲप्लिकेशन एका होस्टवर आणि डेटाबेस दुसऱ्यावर जाऊन पडतो, आणि दोघांमधले पहिले मोठे पॅकेट तारेवर येते. इन-प्लेस पद्धतीने अपग्रेड केले तर व्हीएम हलत नाहीत, म्हणून त्या दिवशी काहीच होत नाही. दुखणे मात्र तसेच राहते आणि पुढच्या कुठल्यातरी व्हीमोशनला (व्हीएम चालू असतानाच हलवण्याला) वर येते.

टी-वन एज क्लस्टरला (बाहेरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या यंत्रांच्या गटाला) जोडलेला असेल आणि त्यावर नॅट, लोड बॅलन्सर किंवा गेटवे फायरवॉल असेल, तर बाहेर जाणारी रहदारी टनेलमधून एजपर्यंत जातेच. तिथे घोळ लगेच कळतो. म्हणून "इंटरनेट चालते, मग एमटीयू ठीक आहे" हा निष्कर्ष फक्त त्या होस्टच्या त्या अपलिंकपुरता खरा.

आता हिरव्या दिव्यांबद्दल. टनेल जिवंत आहे की नाही हे बीएफडीची पॅकेट्स ठरवतात, आणि ती अगदी लहान असतात. १५०० च्या वाटेवरून ती आरामात जातात. टनेल हिरवा असण्याचा अर्थ वाट आहे इतकाच. ती किती रुंद आहे हे तो दिवा सांगत नाही.

हिशेब

व्हीएम १५०० चे आयपी पॅकेट पाठवते. त्यावर आतल्या इथरनेटचे १४ बाइट, जिनीव्हच्या मूळ शीर्षाचे ८, यूडीपीचे ८ आणि बाहेरच्या आयपीचे २० चढतात. झाले १५५०. आतल्या फ्रेमवर व्हीलॅनचा टॅग असेल तर आणखी ४. बाहेरचा आयपी सहाव्या आवृत्तीचा असेल तर २० च्या जागी ४०.

जिनीव्हआधीच्या व्हीएक्सलॅनचा हिशेब इथेच संपत होता, कारण त्याचे शीर्ष ठरलेल्या ८ बाइटांचे आहे. जिनीव्हच्या शीर्षाला मागे पर्यायांचे शेपूट लागते, आणि प्रमाणकाप्रमाणे ते २५२ बाइटांपर्यंत वाढू शकते. एनएसएक्स त्यात स्वतःची माहिती भरते. म्हणून १६०० ही किमान गरज सांगितली जाते आणि शिफारस १७०० ची असते. एनएसएक्स-व्हीच्या, म्हणजे एनएसएक्सच्या आधीच्या पिढीच्या, काळात रॅकच्या दारावर "एमटीयू १६००" अशी चिठ्ठी लावलेली अजून सापडते. त्या आवृत्तीचा आधार जानेवारी २०२२ मध्ये संपला, चिठ्ठी मात्र राहिली. ती काढून टाका. भौतिक स्विचवर थेट ९२१६ आणि व्हीडीएसवर (व्हीसेंटरमधल्या आभासी स्विचवर) ९००० किंवा १७०० ठेवा. स्विचचा आकडा व्हीडीएसपेक्षा मोठा असल्याने काही बिघडत नाही. उलटे झाले की बिघडते.

चौथ्या आवृत्तीत काय बदलले आणि ते इथे कुठे नडते

२०२२ मध्ये आलेल्या ४.० पासून "एनएसएक्स-टी" या नावातला "टी" गेला, केव्हीएमचा (लिनक्सवरच्या आभासीकरणाचा) आधार गेला, आणि ईएसएक्सआय (व्हीएमवेअरची होस्ट-प्रणाली) होस्टवर एन-व्हीडीएस, म्हणजे एनएसएक्सचा स्वतःचा आभासी स्विच, चालेनासा झाला. होस्ट आधी व्हीसेंटरच्या व्हीडीएसवर आणल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एजच्या पोटात मात्र एन-व्हीडीएस अजून आहे. ४.१ पासून प्रोजेक्ट्सची मांडणी पडद्यावर आली, त्यानंतर व्हीपीसी आले. एकाच मॅनेजरवर दोन-तीन विभाग वेगळे ठेवायचे असतील तर ती सोय कामाची आहे, पण आजच्या घोळाशी तिचा संबंध नाही.

संबंध आहे तो एन-व्हीडीएस जाण्याशी. एन-व्हीडीएस असताना होस्टच्या टनेलचा एमटीयू एनएसएक्सच्या अपलिंक प्रोफाइलमधून येत होता. व्हीडीएसवर आल्यावर तो व्हीसेंटरमध्ये व्हीडीएसच्या गुणधर्मांतून येतो, आणि नव्या व्हीडीएसचा मूळ आकडा १५०० असतो. प्रोफाइलमध्ये १७०० लिहिलेले पाहून माणूस निश्चिंत होतो, आणि तो आकडा होस्टला लागूच नसतो. एजला मात्र लागू असतो. एकाच पडद्यावर दिसणारा एकच आकडा अर्ध्या यंत्रणेला लागू आणि अर्ध्या यंत्रणेला नाही, ही रचना फसवी आहे. ती पाठच करून ठेवावी लागते.

मॅनेजरमध्ये सिस्टिम, फॅब्रिक, सेटिंग्ज या वाटेने गेल्यावर एमटीयूच्या मांडणीची तपासणी दिसते. ती जरूर चालवा, पण तिची हद्द ओळखून. एनएसएक्स आणि व्हीडीएसवर लिहिलेले आकडे एकमेकांशी जुळतात का, इतकेच ती बघते. तुमचा भौतिक स्विच आणि दोन इमारतींमधली फायबर तिला दिसत नाही.

तपासणी

व्हीएमपासून सुरुवात करा, पाच मिनिटांत दिशा कळते. विंडोजमध्ये पिंगला तुकडे न करण्याचा "एफ" पर्याय आणि आकारासाठी "एल" ला १४७२ द्या. लिनक्समध्ये "एम डू" आणि "एस" ला १४७२. हे १५०० चे पूर्ण पॅकेट होते. ते अडले आणि १४०० च्या खालीवर कुठेतरी जाऊ लागले, तर वाटेत साधी १५०० ची कडी आहे हे जवळपास नक्की: १५०० मधून वेष्टनाचे ५० आणि पिंगचे २८ वजा केले की १४२२ उरतात, आणि जिनीव्हचे पर्याय त्यातून आणखी थोडे खातात.

मग होस्टवर जा. टनेलच्या टोकाचे, म्हणजे टेपचे, व्हीएमके (होस्टचा स्वतःचा नेटवर्क इंटरफेस) सहसा व्हीएमके १० असते. दोन टेप असतील तर दुसरे व्हीएमके ११. व्हीएमके ५० च्या वाटेला जाऊ नका, ते या कामाचे नाही. ईएसएक्सआयच्या शेलमध्ये व्हीएमकेपिंग चालवा. नेटस्टॅक म्हणून "व्हीएक्सलॅन" लिहा (आत जिनीव्ह धावते, तरी नाव जुनेच राहिले आहे), "आय" पर्यायात व्हीएमके १०, तुकडे न करण्याचा "डी", आणि "एस" ला आकार. समोरच्या होस्टचा टेपचा पत्ता द्या. आकार या क्रमाने चढवा: १४७२, १५२२, १५७२, १६७२, आणि ९००० ची मांडणी असेल तर ८९७२. प्रत्येक आकड्यात २८ मिळवले की खरा एमटीयू मिळतो. १४७२ जाते आणि १५२२ जात नाही, तर कडी १५०० ची आहे. १५७२ जाते पण १६७२ जात नाही, तर कुणीतरी जुन्या चिठ्ठीप्रमाणे १६०० लावले आहे. त्यात आज काम चालेल.

हे व्हीएमके १० वरून झाले की व्हीएमके ११ वरून पुन्हा करा. ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते आणि उत्तर बहुधा तिच्यातच असते. दोन टेप दोन अपलिंकवर, दोन अपलिंक दोन वेगळ्या स्विचवर. एका स्विचचा आकडा चुकला, की त्या बाजूला बांधलेल्या व्हीएम अडकतात आणि उरलेल्या धावतात. "अर्ध्या व्हीएम चालतात, अर्ध्या नाहीत, आणि काही सूत्र सापडत नाही" अशा तक्रारीमागचे सूत्र हेच. व्हीएम हलवल्यावर बरे वाटते तेही यामुळेच: नव्या होस्टवर तिला दुसरा अपलिंक मिळालेला असतो.

होस्ट ते होस्ट स्वच्छ निघाले तर एज. एजच्या आज्ञापट्टीवर व्हीआरएफ शून्यात शिरा, पिंगला होस्टच्या टेपचा पत्ता, साइज १५७२ आणि डीएफबिट एनेबल द्या, मग १६७२ ने तेच करा. होस्टवरून एजकडेही उलट चाचणी घ्या. एका दिशेने जाते आणि दुसऱ्या दिशेने अडते असे होऊ शकते, कारण दोन्ही दिशांच्या वाटा एकच असतील असे नाही.

सगळ्या जोड्या हाताने तपासणे सहा होस्टपुढे कंटाळवाणे होते. एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये सगळ्या टेपचे पत्ते घालून प्रत्येक होस्टवर ती चालवा आणि निकाल तक्त्यात मांडा. तक्त्यात एक आडवी ओळ पूर्ण नापास दिसली तर दोष त्या होस्टच्या बाजूला आहे. चौकोनाचा एक कोपराच नापास असेल तर दोष दोन रॅकमधल्या किंवा दोन इमारतींमधल्या कडीत आहे.

नेमके कुठे कापले जाते

पहिली जागा व्हीसेंटरमधला व्हीडीएस. ती वर आली. बदलताना एक खबरदारी घ्या: एमटीयू बदलला की काही नेटवर्क कार्डांवर दुवा क्षणभर पडून उठतो. त्याच व्हीडीएसवर आयस्कझी स्टोरेज असेल तर हा बदल भर दुपारी करू नये.

दुसरी जागा स्विचचा पोर्ट. इथे कंपनीगणिक अर्थ बदलतो. सिस्कोच्या नेक्सस ९००० वर पोर्टवर थेट ९२१६ लिहिता येते; नेक्सस ५००० वर तो आकडा नेटवर्क-क्यूओएसच्या धोरणातून द्यावा लागतो, पोर्टवर नाही. काही जुन्या कॅटॅलिस्टवर सिस्टिम एमटीयू बदलल्यावर स्विच पुन्हा सुरू केल्याशिवाय तो लागूच होत नाही; मांडणीत आकडा दिसतो, प्रत्यक्षात जुनाच चालतो. ज्युनिपरच्या इंटरफेसवरचा एमटीयू इथरनेटचे शीर्ष धरून मोजला जातो, म्हणून तिथला मूळ आकडा १५१४ असतो. तिथे १६०० लिहिले तर आयपीला १५८६ च मिळतात. दोन कंपन्यांचे स्विच एकमेकांना जोडलेले असतील तर ही १४ बाइटांची तफावत हमखास कुणाच्या तरी डोळ्यांतून सुटते.

तिसरी जागा एसव्हीआय, म्हणजे व्हीलॅनचा राउटर-इंटरफेस. होस्टचे टेप एका व्हीलॅनमध्ये आणि एजचे दुसऱ्यात असतील तर त्यांच्यातली रहदारी इथून वळते. पोर्टवर ९२१६ आणि एसव्हीआयवर १५०० ही जोडी फार सापडते. लक्षण ठरलेले: होस्ट ते होस्ट उत्तम, होस्ट ते एज मोठे पॅकेट बंद.

याला जोडूनच एक मर्यादा. एज व्हीएम त्याच होस्टच्या त्याच व्हीडीएसवर असेल आणि ती साध्या डिस्ट्रिब्युटेड पोर्टग्रुपला जोडलेली असेल, तर एजचा टेप आणि होस्टचा टेप एकाच व्हीलॅनमध्ये ठेवता येत नाही. ३.१ पासून दोन्ही एका व्हीलॅनमध्ये चालतात, पण एज एनएसएक्सच्या व्हीलॅन सेगमेंटला जोडली तरच. एन-व्हीडीएसवरून व्हीडीएसवर येताना ही जोडणी बदलली गेली तर टनेलच पडतो. तेव्हा दिवा लाल असतो आणि लहान पिंगही जात नाही, म्हणून हा प्रकार एमटीयूच्या घोळापासून सहज वेगळा ओळखता येतो.

चौथी जागा दोन इमारतींमधली कडी. ती भाड्याची असते, तिच्यात तुमचा शब्द चालत नाही, आणि गोव्यात घोळ पुन्हा पुन्हा येण्याचे मूळ बहुतेकदा तिथेच असते.

पावसाळ्यात का परततो

पणजी आणि वेर्णा किंवा मडगाव यांच्यामध्ये क्लस्टर पसरलेला असेल, तर दोघांमधली लेयर-टू कडी पुरवठादाराकडून घेतलेली असते. मुख्य वाटेवर त्याने जंबो फ्रेम दिलेले असतात, कारण स्वीकृतीच्या दिवशी तुम्ही तेवढेच तपासले. जून-जुलैत रस्ता खचतो, झाड पडते किंवा खोदकामात फायबर तुटते, आणि पुरवठादाराची यंत्रणा आपोआप राखीव वाटेवर जाते. राखीव वाट दुसऱ्या उपकरणांवरून जाते आणि तिथे १५०० असते. पिंग चालतो, वापराचा आलेख चालतो, पुरवठादाराच्या पडद्यावर "लिंक अप" असते. दोन दिवसांनी फायबर जोडली जाते, तक्रार आपोआप नाहीशी होते, आणि कारण कुणाच्याच नोंदीत राहत नाही.

करारात "राखीव वाटेसह दोन्ही वाटांवर किमान १७०० बाइटांचे आयपी पॅकेट, इथरनेटचे शीर्ष आणि टॅग वेगळे धरून" असे शब्द घालून घ्या. पुरवठादार वर स्वतःचा टॅग चढवत असेल तर त्याचे ४ बाइट त्याच्या हिशेबात. आणि स्वीकृतीच्या दिवशी मुख्य वाट मुद्दाम पाडून राखीव वाटेवर व्हीएमकेपिंग १६७२ ने घ्या. पुरवठादार कुरकुरेल, पण वाट पाडायला लावाच.

दुसरे कारण वीज. स्विचवर कुणीतरी एमटीयू बदलला, काम झाले, पण चालू मांडणी कायमच्या मांडणीत साठवली नाही. महिनोन्महिने सगळे उत्तम चालते. मग पहिल्या वळिवात वीज जाते, यूपीएसची थकलेली बॅटरी वीस मिनिटेही टिकत नाही, आणि स्विच उठतो तो जुना १५०० घेऊन. म्हणून मे संपण्यापूर्वी प्रत्येक रॅक-स्विचवरची चालू मांडणी आणि साठवलेली मांडणी यांतला फरक काढून बघा. फरक शून्य हवा. यूपीएसच्या बॅटऱ्या त्याच फेरीत तपासा.

स्विच बदलला गेला तरी हेच होते. जळालेल्या स्विचच्या जागी कपाटातला सुटा स्विच घाईत बसतो, व्हीलॅन भरले जातात, एमटीयू राहतो. सुट्या स्विचमध्ये पूर्ण मांडणी आधीच भरून ठेवलेली असावी. भाग मुंबई-बंगळूरूहून यायचा असतो, आणि चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटात दरड आली तर तो कधी पोचेल याचा भरवसा नसतो.

तात्पुरता उपाय आणि दुरुस्ती

कामकाज अडले असेल तर दोन गोष्टी लगेच करता येतात. अडकलेल्या व्हीएमच्या आतच एमटीयू १४०० करा. मोठी पॅकेट्स तयारच होत नाहीत. किंवा डीआरएसचा एकत्र ठेवण्याचा नियम लावून ॲप्लिकेशन आणि डेटाबेस एका होस्टवर आणा. दुसरा उपाय झटपट आहे आणि धोकादायकही, कारण तो दोष पुन्हा झाकतो. नियमाच्या नावातच तारीख घाला, म्हणजे दोन महिन्यांनी तो कुणाच्या तरी डोळ्यांना खुपेल.

दुरुस्तीचा क्रम बाहेरून आत: आधी इमारतींमधली कडी, मग मधला स्विच आणि एसव्हीआय, मग रॅकचे स्विच, शेवटी व्हीडीएस आणि एजचे अपलिंक प्रोफाइल. प्रत्येक टप्प्यानंतर तोच तक्ता पुन्हा काढा. लेयर-टू स्विच मोठी फ्रेम गुपचूप टाकून देतो, पाठवणाऱ्याला निरोप देत नाही. पण पोर्टच्या गणकांत "जायंट्स" किंवा "ओव्हरसाइज" वाढताना दिसतात. चाचणी चालू असताना ते गणक शून्य करून बघितले तर गुन्हेगार पोर्ट दोन मिनिटांत सापडतो.

व्हीएमच्या आत कुणी ९००० लावले असेल, आणि बॅकअपच्या सर्व्हरवर असे हमखास असते, तर बाहेर ९००० असूनही पॅकेट मावत नाही. तिथे आत ८८०० च्या वर जाऊ नका.

लहान पिंगही जात नसेल तर हा लेख बाजूला ठेवा. टेपचा व्हीलॅन सगळ्या पोर्टवर आहे का, आणि वाटेतली फायरवॉल यूडीपी ६०८१ सोडते का, ते बघा. पूर्वी व्हीएक्सलॅनसाठी ४७८९ उघडलेला असतो आणि तेवढ्यावर काम भागेल असे वाटते. होस्ट मॅनेजरशी तुटलेला दिसत असेल तर टीसीपी १२३४ आणि १२३५. अपग्रेड सुरूच होत नसेल तर ॲडमिन आणि रूटच्या पासवर्डची ९० दिवसांची मुदत आधी तपासा, मग प्रमाणपत्रांच्या तारखा.

पुढच्या अपग्रेडआधी

वेळ निवडताना पावसाचे पहिले दोन आठवडे टाळा. चवथीचे दिवस मोकळे दिसतात म्हणून मोहात पडू नका. कार्यालय रिकामे असते हे खरे, पण स्विचवाला, पुरवठादाराचा माणूस आणि तुमचाच दुसरा इंजिनिअर आपापल्या गावच्या घरी असतात.

एनएसएक्स ४ च्या अपग्रेडचा क्रम ठरलेला आहे: अपग्रेड कोऑर्डिनेटर, मग एज, मग होस्ट, आणि शेवटी मॅनेजर. मॅनेजर पुढे गेल्यावर मागे येण्याची सोय नाही. एसएफटीपीवरचा बॅकअप ज्या आवृत्तीवर घेतला त्याच आवृत्तीच्या मॅनेजरवर परत बसतो, म्हणून जुन्या आवृत्तीची ओव्हीए फाइलही जपून ठेवा. व्हीएमवेअर २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमकडे गेल्यापासून जुने दुवे बरेच मोडले आहेत. ऐनवेळी काही डाउनलोड करता येईल हे गृहीत धरू नका.

होस्टच्या टप्प्याला हात लावण्यापूर्वी तक्ता काढा. सगळ्या जोड्या, दोन्ही टेप, १६७२. मग एक साधा प्रयोग: अपग्रेडच्या आठवडाभर आधी, कामाच्या दिवशी, ॲप्लिकेशन आणि डेटाबेस मुद्दाम वेगळ्या होस्टवर पाठवा आणि एक दिवस तसेच चालू द्या. काही अडलेच तर परत आणायला एक व्हीमोशन पुरते. अपग्रेडच्या रात्री, अर्धे होस्ट नव्या आवृत्तीवर आणि अर्धे जुन्या आवृत्तीवर असताना, तीच तक्रार आली तर संशय आधी नव्या आवृत्तीवर जातो आणि सकाळपर्यंत भलतीकडेच शोध चालतो.

अपग्रेड संपल्यावर तक्ता पुन्हा काढून दोन्ही प्रती शेजारी ठेवा. त्यानंतर व्हीएमकेपिंगची ती स्क्रिप्ट रोज पहाटे चालणाऱ्या कामांत टाका, आणि १६७२ नापास झाला की ईमेल जाईल असे बघा. फायबर मध्यरात्री तुटून वाट बदलली तर निरोप साडेनऊच्या फोनच्या आधी पोचतो, आणि पुरवठादाराला दाखवायला तारीख-वेळेसह नोंद हातात असते.